उतारा मागितला होता, फेरफार नाही

इंजिनिअरिंगला डेटाबेस हा विषय असतो आणि त्याच्या तोंडी परीक्षेत एक प्रश्न ठरलेला असतो. 'फंक्शन आणि प्रोसिजर यांत फरक काय?' उत्तरही ठरलेलं. 'सर, फंक्शन व्हॅल्यू रिटर्न करतं, प्रोसिजर केली तर करते. आणि फंक्शनमध्ये इन्सर्ट, अपडेट, डिलीट चालत नाही.' सर मान डोलावतात, पुढचा रोल नंबर आत येतो. का चालत नाही, हे सर विचारत नाहीत. पोरांनाही विचारावंसं वाटत नाही, कारण जर्नलमध्ये तेवढंच लिहिलेलं असतं.

मग नोकरी लागते. कधीतरी आपण फंक्शनमध्ये अपडेट लिहितो आणि स्क्रीनवर लाल अक्षरं येतात. शेजारच्या खुर्चीतला सीनियर मान वळवून म्हणतो, "लिमिटेशन आहे रे ते. वर्कअराउंड आहे, पाठवतो तुला." पाच मिनिटांत लिंक येते, दहा मिनिटांत काम होतं, संध्याकाळी कोड पुढे जातो.

माझं भांडण 'लिमिटेशन' आणि 'वर्कअराउंड' या दोन शब्दांशी आहे. पहिला शब्द खोटा आहे आणि दुसरा त्या खोट्यावर उभा आहे. फंक्शनमध्ये डेटा बदलता येत नाही, हे डेटाबेसने वाचणाऱ्याला दिलेलं वचन आहे. आपण ते युक्तीने मोडतो, तेव्हा आपलं काही जात नाही. जातं ते भलत्याच कुणाचं तरी, आणि त्याला एसक्यूएल म्हणजे काय हेही माहीत नसतं.

सातबाऱ्याला हे आधीच कळलं होतं

जे या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डेटाबेस म्हणजे तक्त्यांचं कपाट. त्याच्याशी बोलायची भाषा एसक्यूएल. त्या भाषेत 'सिलेक्ट' म्हटलं की आपण विचारतो. 'इन्सर्ट', 'अपडेट', 'डिलीट' म्हटलं की आपण बदलतो. फंक्शन हे विचारण्याच्या वाक्यात मधेच बसणारं छोटं यंत्र आहे. 'सगळ्या खातेदारांची नावं दे आणि प्रत्येकाचं व्याज काढून दे' या वाक्यातलं व्याज काढण्याचं काम फंक्शन करतं. प्रोसिजरचं तसं नसतं. तिला वेगळं, नाव घेऊन बोलवावं लागतं. 'ही पावती कर', 'हे खातं बंद कर', अशी तिला आज्ञा द्यावी लागते.

विचारणं वेगळं आणि बदलणं वेगळं, ही गोष्ट कॅलिफोर्नियात कुणाला तरी सुचली असेल असं आपल्याला वाटतं. मी जळगाव जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरातला. आमच्याकडे ही गोष्ट पत्र्याच्या पेटीत घडी घालून ठेवलेली असते. तिचं नाव सातबारा.

सातबाऱ्याची प्रत काढतो तिला आपण 'उतारा' म्हणतो. उतारा म्हणजे जे आहे ते उतरवून घेणं. पूर्वी तलाठ्याकडे हेलपाटे मारावे लागायचे, आता पंधरा रुपये भरले की डिजिटल सहीचा उतारा फोनवर येतो. तो एकदा काढा नाहीतर पन्नास वेळा काढा, बांध जागचा हलत नाही.

जमिनीच्या नोंदीत बदल करायचा असेल, तर त्याला वेगळा शब्द आहे: 'फेरफार'. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये त्याची सगळी वाट आखून दिलेली आहे. वडील गेले, वारस लावायचे आहेत. तर तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आधी गाव नमुना ६ मध्ये म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद घेतो. चावडीवर प्रत लागते. ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस जाते. हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. हरकत आली, तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं. नाही आली, तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यानंतरच सातबाऱ्यावर नाव बदलतं, आणि बदललेल्या नावापाशी फेरफाराचा क्रमांक राहतो. म्हणजे उद्या कुणीही बोट ठेवून विचारू शकतं, हे कधी झालं, कुणी केलं, कशाच्या आधारावर?

ही यंत्रणा सोन्यासारखी चालते असं मी म्हणत नाही. वारस लावायला किती चकरा होतात हे खान्देशातल्या कुठल्याही घरात विचारा. पण आखणी बघा. वाचायची वाट वेगळी, लिहायची वेगळी, आणि लिहिण्याच्या वाटेवर नाव, तारीख, सही.

आता मराठी भाषेची गंमत बघा. 'फेरफार' शब्दाला आपल्याकडे दोन अर्थ आहेत. नोंदवहीतून झाला तर फेरफार म्हणजे कायदेशीर बदल. नोंदवही टाळून झाला तर बातमीत छापून येतं, 'कागदपत्रांत फेरफार', आणि पुढे गुन्हा दाखल झाल्याचं वाक्य असतं. शब्द तोच, कागदही तोच. फरक एवढाच की बदल सांगून झाला की न सांगता झाला. फंक्शनमध्ये लपवलेलं अपडेट हा या दुसऱ्या अर्थाचा फेरफार आहे. विचारणाऱ्याने उतारा मागितला होता, तुम्ही त्याच्या हातून फेरफार करून घेतला.

किती वेळा, ते तुम्ही ठरवत नाही

'अरे, पण एवढं काय? एक ओळ तर बदलायची असते,' असं म्हणणाऱ्यांसाठी तांत्रिक कारण सांगतो. हेच कारण जर्नलमध्ये नसतं.

एसक्यूएलमध्ये आपण 'काय हवं' ते सांगतो, 'कसं आणायचं' ते सांगत नाही. कुठला तक्ता आधी उघडायचा, कुठल्या ओळी आधी गाळायच्या, फंक्शन गाळण्याआधी चालवायचं की नंतर, हे सगळं डेटाबेसमधला ऑप्टिमायझर ठरवतो. आज तक्त्यात हजार ओळी आहेत म्हणून त्याने एक रस्ता निवडला. हंगामात एक लाख झाल्या, की तो दुसरा रस्ता निवडतो. तुमच्या कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नसतं, पण कालपर्यंत दहा वेळा चालणारं फंक्शन आज दहा हजार वेळा चालू शकतं. कधी अशा ओळींसाठीही चालतं, ज्या शेवटी उत्तरात दिसणारच नसतात.

फंक्शन फक्त वाचत असेल, तर याने उत्तर बिघडत नाही. फार तर वेळ लागेल. पण ते आत काही लिहीत असेल, तर किती वेळा लिहिलं जाईल हे तुम्ही सांगू शकत नाही. आपण केलेला बदल किती वेळा होईल हेच ज्याला माहीत नाही, त्याने तो करूच नये. यासाठी इंजिनिअर असायला लागत नाही.

म्हणून मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरने फंक्शनमधून कायमच्या तक्त्यावर लिहायला साफ बंदी घातली. फंक्शनच्या आतच जन्मणाऱ्या आणि तिथेच संपणाऱ्या तात्पुरत्या तक्त्यात हवं ते लिहा. बाहेरच्याला हात लावलात की ४४३ नंबरची चूक. ओरॅकल फंक्शनमध्ये अपडेट लिहू देतं, पण ते फंक्शन सिलेक्टमधून बोलावलं की अडवतं. क्वेरीच्या आत बदल करता येणार नाही, असं ओआरए-१४५५१ या क्रमांकाखाली सांगतं. मायएसक्यूएल बरंच चालवून घेतं, पण ज्या तक्त्यावरून प्रश्न विचारला आहे त्याच तक्त्याला फंक्शन हात घालू लागलं, की तेही १४४२ म्हणून नकार देतं. पोस्टग्रेस लिहू देतं, पण आधी विचारतं की फंक्शन कुठल्या जातीचं आहे: व्होलाटाइल, स्टेबल की इम्युटेबल. स्टेबल किंवा इम्युटेबल म्हणून नोंदवलंत आणि आत अपडेट लिहिलंत, तर ते अडवतं.

चार कंपन्या-समूह, चार वेगळे स्वभाव. कुणी कडक, कुणी ढिला. तरी चौघांनाही विचारणं आणि बदलणं यांच्यात कुंपण हवं असं वाटलं. एसक्यूएलच्या प्रमाण भाषेतही फंक्शन-प्रोसिजर लिहिताना 'हे डेटा फक्त वाचतं' किंवा 'हे डेटा बदलतं' असं जाहीर करण्यासाठी वेगळे शब्द आहेत. सगळ्यांना एकाच वेळी 'लिमिटेशन' झालं असेल, हे पटतं का?

काट्यावरच्या हरवलेल्या पावत्या

आता हे सगळं जमिनीवर कसं उतरतं ते सांगतो. धुळे जिल्ह्यातल्या एका जिनिंगची गोष्ट आहे. नाव सांगत नाही.

जिनिंगला कापूस आला की गाडी आधी काट्यावर जाते. भरल्या गाडीचं वजन, मग रिकामीचं, आणि वजा करून आलेला आकडा पावतीवर. त्या पावतीवर शेतकऱ्याचा पैसा ठरतो. पावत्यांना ओळीने नंबर असतात. मधला नंबर गायब असेल, तर त्याचा अर्थ बाजारात एकच लावला जातो: कुणीतरी पावती फाडली, माल घेतला आणि हिशोबात दाखवला नाही.

या जिनिंगमध्ये नंबर गायब व्हायला लागले. कधी पाच, कधी नऊ, कधी चौदा. काट्यावर बसणारा मुलगा बारावी झालेला, जवळच्याच गावचा. शेठने त्याला आधी विचारलं, मग दरडावलं, मग पगार अडवला, मग घरी बसवलं. तो माझ्या शाळेतल्या मित्राचा मावसभाऊ, म्हणून फोन मला आला. तो एवढंच म्हणत होता, "मी एकबी पावती खादी नही, भो."

मी दिवाळीला घरी होतो, जाऊन आलो. सॉफ्टवेअर कुणा ओळखीच्याने करून दिलेलं, खाली मायएसक्यूएल. एका पानावर रांगेत उभ्या गाड्यांची यादी दिसायची आणि प्रत्येक गाडीसमोर तिचा 'पुढचा पावती नंबर'. तो नंबर एक फंक्शन द्यायचं. गाडी नंबर घ्यायचं, मोजणीच्या तक्त्यातला आकडा एकने वाढवायचं आणि वाढवलेला आकडा परत करायचं. पावती छापताना तेच फंक्शन पुन्हा चालायचं. म्हणजे नऊ गाड्या उभ्या असताना कुणी नुसती यादी उघडली, तरी नऊ नंबर खर्च व्हायचे. पावती एकही फाटायची नाही.

यादी उघडत कोण होतं? सर्व्हरच्या नोंदीत वेळा होत्या. रात्री साडेनऊ, पावणेअकरा, पहाटे पाच. काटा बंद असतानाच्या वेळा. शेठ घरून फोनवर बघत होते. ज्या रात्री जितक्या गाड्या रांगेत होत्या, तितकेच नंबर सकाळी गायब. आकडे तंतोतंत जुळले. मुलगा चोरी करतो का हे बघायला शेठ यादी उघडायचे आणि उघडल्यामुळेच नंबर जायचे. नंबर गेले म्हणून संशय वाढायचा, संशय वाढला म्हणून ते आणखी वेळा उघडायचे.

त्या फंक्शनच्या कपाळावर एक शब्द लिहिलेला होता: डिटरमिनिस्टिक. त्याचा अर्थ, 'एकच गोष्ट विचारली तर नेहमी एकच उत्तर देईन.' दर वेळी नवा नंबर देणाऱ्या फंक्शनवर हा शब्द! का लिहिला असेल? मायएसक्यूएलमध्ये बदलांची बायनरी नोंदवही चालू असते, तेव्हा असा काही शब्द लिहिल्याशिवाय फंक्शन बनवूच देत नाही, १४१८ नंबरची चूक दाखवतं. शब्द खरा आहे का, हे मात्र ते तपासत नाही. लिहिणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर सोडतं. चूक जावी म्हणून कुणीतरी तो शब्द चिकटवला. स्टँपपेपरवर वाचून न बघता सही ठोकावी तसा.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. यादी फक्त वाचेल. नंबर पावती जतन होतानाच, त्याच व्यवहारात, एका प्रोसिजरमधून मिळेल. व्यवहार फसला तर नंबरही परत. मुलाचा अडवलेला पगार मिळाला. जागा मिळाली नाही, तोवर तिथे दुसरा बसला होता. आणि गावात 'काट्यावरून काढला' एवढंच लोकांना माहीत आहे, मायएसक्यूएलचं कुणाला काय सांगणार?

गूगललाही हेच दिसलं होतं

हा खान्देशातल्या जुगाडू सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे असं पुण्यातल्या काचेच्या इमारतीत बसून वाटू शकतं. म्हणून २००५ सालची गोष्ट आठवून देतो. गूगलने त्या वर्षी 'वेब ॲक्सिलरेटर' नावाचं साधन काढलं. तुम्ही पान वाचत असताना ते त्या पानावरच्या लिंक आधीच उघडून ठेवायचं, म्हणजे तुम्ही बोट लावलं की पुढचं पान झटकन दिसेल. कल्पना चांगली होती. पण अनेक वेब ॲप्समध्ये 'डिलीट' ही साधी लिंक होती. साधनाने लिंक उघडली आणि लोकांच्या नोंदी पुसल्या गेल्या. कुणी काही दाबलं नव्हतं.

वेबच्या नियमांत 'गेट' म्हणजे फक्त मागणं, त्याने काही बदलू नये, हे आधीपासून लिहिलेलं होतं. अमेरिकेतल्या हुशार लोकांनी तो नियम 'चालतंय की' म्हणून बाजूला ठेवला होता. त्यांचा डिलीट आणि आमच्या काट्यावरचा नंबर, दोन्हीकडे रोग एकच. वाचणाऱ्याच्या हातात त्याला न सांगता पेन दिलेलं होतं.

प्रोग्रामिंगच्या जगात या तत्त्वाला बर्ट्रांड मेयर यांनी नाव दिलं, 'कमांड-क्वेरी सेपरेशन'. आज्ञा आणि प्रश्न एकाच तोंडाने बोलू नका, असा त्याचा मथितार्थ. मुलाखतीत हे नाव घेतलं की समोरचे खूश होतात. मग जॉइन झाल्यावर तेच लोक वर्कअराउंडची लिंक पाठवतात.

मागची दारं

या लिंकमध्ये काय असतं ते बघू. एसक्यूएल सर्व्हर फंक्शनमध्ये लिहू देत नाही ना? मग सर्व्हरला स्वतःलाच 'दुसरा सर्व्हर' म्हणून जोडा आणि फंक्शनमधून त्या दुसऱ्याला सांगा, लिही. किंवा फंक्शनमधून विंडोजची आज्ञा चालवा, ती पुन्हा डेटाबेसचं दार ठोठावेल आणि लिहील. घरमालकाने पुढच्या दारातून सोडलं नाही म्हणून त्याच्याच नातेवाइकाचं नाव सांगून मागच्या दाराने शिरण्यातला हा प्रकार आहे. त्यासाठी सर्व्हरवर जे अधिकार उघडावे लागतात, ते चोरालाही तितकेच उपयोगी पडतात.

ओरॅकलमध्ये तर दार अधिकृत आहे. 'ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शन' असं वर लिहिलं, की आतला बदल मुख्य व्यवहारापासून सुटा होतो. मुख्य व्यवहार रद्द झाला तरी हा बदल राहतो. हे दार ठेवण्यामागे चांगलं कारण आहे. व्यवहार फसला तरी 'फसला' अशी नोंद मागे राहावी, म्हणून. पण लोक तेच दार वापरून सिलेक्टमधल्या फंक्शनमधून शिल्लक बदलतात, तारखा बदलतात.

इथे मला पुन्हा जमीन महसूल संहिता आठवते. तिचं कलम १५५ लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी आहे. 'पाटील'चं 'पाटिल' झालं, क्षेत्राचा आकडा उतरवताना चुकला, तर पूर्ण फेरफाराची वारी नको, म्हणून ठेवलेली छोटी खिडकी. त्या खिडकीतून हक्क आणि मालकीचा वाद सोडवता येत नाही, हे न्यायालयांनी सांगितलेलं आहे. सांगावं लागलं, कारण लोक खिडकीतून ट्रॅक्टर घालायला बघतात. प्रत्येक यंत्रणेला अशी एखादी खिडकी लागतेच. पण आपल्या धंद्यात खिडकीतून घुसणाऱ्याला 'स्मार्ट' म्हणतात आणि अप्रेझलमध्ये चांगले गुण देतात.

समोरच्यांचे मुद्दे

मी एकतर्फी बोलतोय असं वाटू नये म्हणून मला नेहमी ऐकवले जाणारे तीन मुद्दे घेतो.

पहिला मुद्दा: 'पोस्टग्रेसचं नेक्स्टव्हॅल स्वतःच फंक्शन आहे आणि ते आकडा वाढवतं. मग?' बरोबर आहे. पण ते उघडपणे व्होलाटाइल म्हणून नोंदलेलं आहे, आणि त्याच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं आहे की आकड्यांत खाडे पडतील, सलग आकड्यांसाठी यावर विसंबू नका. म्हणजे ते बदल करतं आणि तसं सांगतं. खाडे चालतील तिथे ते वापरा. जिथे खाड्याचा अर्थ चोरी असा लावला जातो, तिथे वापरू नका.

दुसरा मुद्दा: 'कुणी काय वाचलं याची नोंद ठेवावी लागते. बँकेत, दवाखान्यात. मग वाचताना लिहावंच लागेल ना?' हा मुद्दा गंभीर आहे. पण त्याचं उत्तर धुळ्यात शोधता येतं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं निधन १९२६ मध्ये धुळ्यातच झालं आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळही तिथलंच. हस्तलिखितांच्या कुठल्याही नीट चालवलेल्या संग्रहात कुणी कुठलं दफ्तर पाहायला घेतलं, याची नोंद टेबलावरच्या वहीत होते. दफ्तरावर होत नाही. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनं' १८९८ पासून छापायला घेतली, बावीस खंड झाले. त्यांची मतं जहाल होती, पण त्यांची जागा प्रस्तावना. कागद कागदाच्या जागी. डेटाबेसमध्येही वाचनाची नोंद ठेवायला इंजिनची स्वतःची ऑडिटची सोय असते, वाचणाऱ्याच्या वाक्याबाहेर आणि सगळ्यांना माहीत असलेली. ती वापरा. व्याज काढणाऱ्या फंक्शनच्या पोटात ती लपवू नका.

तिसरा मुद्दा: 'डेटाबेसवाले उगाच कडक आहेत.' यात थोडं तथ्य आहे, मान्य करतो. एसक्यूएल सर्व्हर २००० मध्ये फंक्शनच्या आत आजची तारीखसुद्धा विचारता येत नव्हती, २००५ च्या आवृत्तीत ते मोकळं केलं. चुकीचा संदेशही असा तुसडा असतो की वाचून काही शिकता येत नाही. 'साइड-इफेक्टिंग ऑपरेटरचा अवैध वापर' म्हणजे काय, हे एखाद्या नवख्याने कसं समजावं? संदेश सुधारा, जिथे बंदी अनावश्यक आहे तिथे उठवा, याला माझा पाठिंबा आहे. पण कुंपणाची एक काटकी जास्त रोवली म्हणून कुंपणच उपटायचं, हा न्याय कुठला?

आणि एक चौथं कारण असतं, जे कुणी बोलत नाही. डेडलाइन. प्रोसिजर वेगळी लिहायची, ॲपमधला कोड बदलायचा, पुन्हा टेस्टिंग करायचं, यात दोन दिवस जातात. फंक्शनमध्ये एक ओळ घुसवायला दहा मिनिटं लागतात. मॅनेजरला दहा मिनिटं आवडतात. उरलेल्या दोन दिवसांची किंमत काट्यावर बसणाऱ्या कुणाच्या तरी नावावर चढते, आणि ती कुठल्याही एक्सेल शीटमध्ये दिसत नाही.

एवढं तरी करा

डेटाबेस शिकवणाऱ्यांना विनंती आहे. तोंडी परीक्षेत 'फरक काय' विचारून झाल्यावर 'का' हा एक शब्द वाढवा. ऑप्टिमायझर फंक्शन किती वेळा बोलावेल हे माहीत नसतं, एवढं एक वाक्य पोराने सांगितलं तरी पुरे. बाकीचं त्याला आयुष्यभर आपोआप सुचेल.

माझ्या वयाच्या इंजिनिअरांना विनंती नाही, आग्रह आहे. रिपोर्ट आणि याद्या रीड-ओन्ली ट्रान्झॅक्शनमध्ये चालवा. पोस्टग्रेसमध्ये, मायएसक्यूएलमध्ये, ओरॅकलमध्ये ती सोय आहे. एखाद्या फंक्शनच्या पोटात पेन लपलेलं असेल, तर तिथेच चूक येईल आणि तुम्हाला कळेल. फंक्शनवर डिटरमिनिस्टिक, स्टेबल, इम्युटेबल लिहिताना ती सही आहे हे ध्यानात ठेवा. डेटाबेस तुमच्यावर विश्वास ठेवून पुढचे निर्णय घेतो. आणि 'काढा', 'दाखवा', 'मिळवा' असं नाव असलेल्या कोडने काही बदलत असेल, तर आधी नाव तरी बदला.

आणि जे इंजिनिअर नाहीत, पण ज्यांचा धंदा कुणीतरी करून दिलेल्या सॉफ्टवेअरवर चालतो, त्यांनाही एक गोष्ट करता येते. मग ती पतसंस्था असो, दूध संकलन केंद्र असो, जिनिंग असो की केळीचा ग्रुप. काम बंद असताना, दुसरं कुणी आत नसताना, तुमची मुख्य यादी उघडा आणि तिचा फोटो काढा. मग काहीही न दाबता तीच यादी दहा वेळा उघडा-बंद करा. अकराव्या वेळी पुन्हा फोटो काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून आकडे जुळवा. एकही आकडा हलला असेल, तर कामावरच्या माणसाला काही विचारायच्या आधी सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावा.